कासवाची हद्द

ज्याच्या ठायी अहिंसा दृढमूल झाली त्याच्या सान्निध्यात प्राणी आपापले स्वाभाविक वैर टाकून देतात, असे पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात सांगून ठेवले आहे. आणि संस्कृत कवींनी रंगविलेल्या तपोवनांत मनुष्याच्या चाहुलीने न बिचकता चरणारी जी हरणे आपल्याला भेटतात, ती याच श्रद्धेची अपत्ये होत. या श्रद्धेने आपल्या गृहजीवनाच्या कल्पनेलाही एक वळण लावले आहे. दाराशी कुत्रा पहुडलेला आहे, परसात कोंबड्या दाणे टिपीत आहेत, पायरीवर मांजर ऊन खात बसले आहे आणि या सर्वांच्या मधून एक कासव आपल्या संथ गतीने मार्ग काढीत चालले आहे, असे दृश्य पाहिले की सहृदय मनुष्याला समाधान वाटते, आणि या घरात प्राणिमात्रांविषयी प्रेम नांदते आहे असा निर्वाळा तो मनोमन देऊन टाकतो. ते प्रेम खरे असते, याविषयी मला शंका नाही. परंतु पतंजलींच्या वचनात एक अट आहे. ती योग्याने पुरी करावयाची आहे, आणि सामान्य गृहस्थाला ती पुरी करता येत नाही. जेथे योगसिद्धी नाही तेथे वैरत्यागाचे काम भिंतीकडून आणि कुंपणाकडून करून घ्यावे लागते. ज्या घरी कासव आहे तेथे त्याच्यासाठी स्वतंत्र, बंदिस्त आणि इतर पाळीव प्राण्यांना अप्रवेश्य अशी हद्द आखून देणे हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय, आणि ज्याला अशी हद्द आखून देणे शक्य नाही त्याने कासव घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न आज जेथे विशेष निकडीने उभा राहिला आहे तो मुलूख अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटाचा. अ‍ॅरिझोना, नेवाडा आणि दक्षिण कॅलिफोर्निया या प्रांतांत आढळणारे वाळवंटी कासव तेथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या रानातून उचलून घरी आणले. अखेरीस मोहावी वाळवंटातील त्याची संख्या इतकी खालावली की १९९० साली मध्यवर्ती सरकारला त्याचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांत करून त्याला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. आता रानातील कासवाला हात लावणे हा गुन्हा आहे, आणि घरात वाढलेले कासव रानात नेऊन सोडण्यासही मनाई आहे. जी कासवे पूर्वीपासून लोकांच्या कबजात होती किंवा त्यांची संतती म्हणून जन्मली, ती निराधार झाल्यास अ‍ॅरिझोनाचे वन्यजीव खाते रीतसर अर्ज घेऊन आणि अंगणातील बंदोबस्ताची खातरजमा करून नागरिकांच्या स्वाधीन करते. कॅलिफोर्नियात असे कासव बाळगण्यास परवाना लागतो. याच्या जोडीला सहाराच्या दक्षिण सीमेवरील साहेल प्रदेशातले सुलकाटा नावाचे कासव अमेरिकेच्या बाजारात तळहातावर मावेल एवढे असताना विकले जाते, आणि पुढे वाढत जाऊन ते चाळीस-पन्नास किलो वजनाचे धूड होऊन बसते. परसात कोंबड्या पाळण्याची आवडही तेथे अलीकडे पुन्हा मूळ धरू लागली आहे. अ‍ॅरिझोनाच्या विधिमंडळाने २०२४ साली अर्ध्या एकरापर्यंतच्या घरजागेत सहा कोंबड्यांपर्यंत पाळण्याची मुभा देणारा कायदाच केला. फिनिक्स आणि चँडलर या शहरांच्या परिसरात उद्योगधंद्यांच्या निमित्ताने स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता या परसांची मालक आहेत, आणि म्हणून हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका राहिलेला नाही.

अशा परसात एकत्र येतात ते प्राणी कोण, याचा विचार करू. वाळवंटी कासव अमेरिकेचे, सुलकाटा आफ्रिकेचे. कोंबडी ही आशियाच्या जंगलांतील रानकोंबड्याची वंशज. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. ‘निसर्गात सर्व प्राणी एकत्रच राहतात, मग अंगणात का राहू नयेत’, असा जो युक्तिवाद वारंवार ऐकू येतो त्याचे उत्तर या वंशावळीतच आहे. हे प्राणी निसर्गात असे एकत्र कधीही आले नव्हते. त्यांची गाठ मनुष्याने घालून दिली. ज्या प्राण्यांची निसर्गात गाठ पडते त्यांच्यातही दुर्बळाला पळून जाण्यास, बिळात शिरण्यास, दृष्टीआड होण्यास मोकळे रान असते, आणि तेथील सहजीवन या मोकळिकीवरच उभे असते. चार भिंतींच्या आतील परसात ही मोकळीक नाही. कासव दिवसभर चालले तरी ते त्याच कोंबड्यांमध्ये आणि त्याच कुत्र्यासमोर परत येते. सहवासाची सक्ती आणि सहजीवन या दोन गोष्टी एक समजणे ही या सर्व अनर्थाची पहिली पायरी होय.

कासवाच्या बाबतीत मनुष्याची फसगत होते ती त्याच्या मौनामुळे. कुत्रा दुखावला तर केकाटतो, कोंबडी घाबरली तर सारे परस डोक्यावर घेते, मांजर पाठीची कमान करून फिसकारते. कासव मात्र डोके आणि पाय आत ओढून घेते व स्तब्ध राहते. भगवद्गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना हेच दृश्य दृष्टान्तासाठी निवडले आणि ज्ञानदेवांनी ते मराठीत आणले. देवळाच्या सभामंडपात देवासमोर कोरलेले कासव पाहत वाढलेल्या आपल्या मनाला हे अंग आवरून घेणे शांतीचे चिन्ह वाटावे, यात नवल नाही. दृष्टान्त म्हणून तो अप्रतिम आहे. परंतु दृष्टान्तातील कासव इंद्रियनिग्रह शिकविण्यासाठी आलेले असते आणि अंगणातील कासव जीव वाचविण्यासाठी कवचात शिरलेले असते, हा भेद पाळणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये. वाळवंटी कासव आपल्या मूत्राशयात पाणी साठवून ठेवते आणि कोरड्या महिन्यांत त्या साठ्यावर जगते; फार भ्याले म्हणजे ते हा साठा एकदम सोडून देते. कुत्र्याने दात न लावता नुसते हुंगून, उलथून, पंजाने ढकलून त्याचा खेळ केला, तरी त्या खेळात उन्हाळ्यासाठी राखलेले पाणी मातीत जाते. घरधन्याला दिसते ते इतकेच, की कुत्रा खेळला आणि कासव शांत राहिले.

गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकाइतके बारकाईने आपल्या परिसराचे निरीक्षण करणारे लोक अठराव्या शतकात विरळाच होते. त्याच्या आत्याकडे रिंगमर येथे असलेले ‘टिमथी’ नावाचे कासव तिच्या मृत्यूनंतर १७८० साली त्याने आपल्या सेलबोर्न गावी आणले. ते केव्हा जागे होते, काय खाते, पाऊस येणार असला म्हणजे कसे वागते, याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे ठेवल्या. १७९४ साली ते कासव मेले, आणि पुढे त्याच्या कवचाची तपासणी झाली तेव्हा हा टिमथी मादी असल्याचे निष्पन्न झाले. ज्याने कासवाकडे पाहण्यात आयुष्यातील इतका काळ घालविला त्याला ते नर की मादी हेही उमगले नाही, तर कामावरून संध्याकाळी थकून येणाऱ्या गृहस्थाने, आपल्या कासवाचे कोंबड्यांशी उत्तम जमते, असे छातीठोकपणे सांगावे, याला आधार कोणता? जो प्राणी फिर्याद करू शकत नाही त्याची फिर्याद नाही म्हणजे त्याला दुःखही नाही, असा निवाडा न्यायाच्या कोणत्याही दरबारात टिकणारा नाही.

या परिवारात कासवाला सर्वांत मोठे भय कुत्र्याचे आहे. कासवांची शुश्रूषा करणाऱ्या पशुवैद्यांना आणि संस्थांना विचारले तर जखमी कासवांच्या कारणांत कुत्र्याचे नाव अग्रभागी येते. याचे कारण कुत्र्याची दुष्टता नव्हे. कासवाचे कवच म्हणजे अंगावर चढविलेले निर्जीव चिलखत आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः ते त्याच्या मणक्यांचे आणि बरगड्यांचे एकजीव झालेले हाड आहे, वरून शृंगद्रव्याच्या पातळ खवल्यांनी आच्छादलेले, रक्ताने पोसलेले आणि स्पर्श व वेदना जाणणारे. कुत्र्याच्या नाकाला आणि दाताला ते हाड म्हणूनच कळते, आणि हाड चघळणे हा त्याचा जन्मसिद्ध धर्म आहे. त्यातही कासव हलते, पण पळत नाही. प्रतिकार करीत नाही. ओरडून कोणाला बोलावीत नाही. इतके दीर्घकाळ चघळता येणारे आणि इतके निमूट हाड कुत्र्याला दुसरे कोठे मिळणार? पाठीच्या कवचाला लागूनच आतल्या बाजूस फुफ्फुसे असतात. सुळा कवच फोडून आत गेला की तो थेट फुफ्फुसापर्यंत पोहोचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत जखमेचा पू पातळ होऊन वाहून जात नाही, तो घट्ट गोळा होऊन आतच बसतो. हाड सांधण्यास महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. पाय किंवा शेपटी तुटली तर ती पुन्हा उगवत नाही.

‘आमचा कुत्रा तसा नाही’, हे वाक्य या ठिकाणी हमखास उच्चारले जाते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. परंतु अशा दुर्घटनांत पुनःपुन्हा दिसते ते हेच, की ज्या कुत्र्याने पाच-सात वर्षे कासवाकडे ढुंकूनही पाहिले नाही त्यानेच एके दिवशी, घरात कोणी नसताना, कंटाळ्याच्या भरात किंवा दुसऱ्या एखाद्या पाहुण्या कुत्र्याच्या संगतीने त्याला चघळून काढले. कुत्र्याचे शिक्षण मालकाच्या उपस्थितीत खरे असते. मालकाच्या अनुपस्थितीत तो काय करील याची जामीनकी मालकाने घेऊ नये, कारण ती जामीनकी फोल ठरली तर दंड कासवाला भरावा लागतो. कुत्रा आणि कासव यांच्या बाबतीत देखरेख हा उपाय नव्हे. पक्की भिंत आणि बंद होणारे फाटक हाच उपाय आहे, आणि या एका मुद्द्यावर मी कोणतीही सवलत द्यावयास तयार नाही.

कोंबडीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणूनच त्यावर अधिक थांबणे अवश्य आहे. मोठे वाढलेले कासव आणि चार कोंबड्या यांच्यात उघड रणधुमाळी क्वचितच माजते. त्यामुळे या जोडीविषयी लोक निर्धास्त असतात. पण कोंबडी जगाची ओळख चोचीने करून घेते. जे चमकते, जे हलते, जे लालसर दिसते, त्यावर ती चोच मारून पाहते; आणि कासवाच्या शरीरात चमकणारी व हलणारी वस्तू म्हणजे त्याचा डोळा. पायांच्या खवल्यांमधील मऊ त्वचा आणि जखमेतून डोकावणारे रक्त यांनाही तोच न्याय लागू होतो. एका कोंबडीने टोच मारली की दुसरी मारते, हा त्यांच्या कळपाचा स्वभाव आहे. कासवाने डोके आत ओढून घेतले म्हणजे डोळा वाचतो हे खरे, परंतु दिवसातून वारंवार डोके आत ओढावे लागणारे कासव पोटभर चरू शकत नाही, आणि हे उपाशीपण आठवड्यांनंतर वजन घटल्यावाचून कोणाच्या लक्षात येत नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांची गोष्टच सोडा. त्यांचे कवच मऊ असते आणि कोंबडीच्या लेखी ती किड्यांहून वेगळी नसतात. कासवीने मातीत पुरलेली अंडीही उकरणाऱ्या पायांना सापडतात आणि फस्त होतात.

याहून मोठी हानी खाद्याच्या वाटेने होते, आणि ती कोणाला दिसत नाही. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांचे जे लेअर खाद्य असते त्यात शेकडा सोळाच्या आसपास प्रथिने असतात. पिलांच्या खाद्यात ती आणखी अधिक, आणि त्यात कित्येकदा रोगप्रतिबंधक औषधेही मिसळलेली असतात. वाळवंटी कासव काय किंवा सुलकाटा काय, या प्राण्यांची शरीरे सुके गवत, रानफुले आणि तंतुमय पाला यांवर जगण्यासाठी घडली आहेत. त्यांना लेअर खाद्याचा वास आवडतो, सांडलेले खाद्य ते मिटक्या मारीत खातात, इतकेच नव्हे तर कोंबड्यांची विष्ठाही खातात, आणि मालकाला वाटते की आपले कासव आता छान खाऊ लागले. या अतिरिक्त प्रथिनांचा निचरा शरीराला युरिक आम्लाच्या रूपाने करावा लागतो; त्यासाठी पाणी खर्ची पडते, मूत्रपिंडांवर भार येतो आणि मूत्राशयात खडे धरतात. लिंबाएवढा खडा बाळगणारे कासवही कुंथत नाही, ओरडत नाही. ते फक्त कमी चालू लागते. कवचावर उंचवटे येणे हा दोष पूर्वी सर्वस्वी प्रथिनांच्या माथी मारला जाई. २००३ साली व्हिएन्नातील संशोधकांनी सुलकाटाच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की त्या दोषात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा पुष्कळच मोठा आहे. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मात्र त्याने मूत्रपिंडांचा प्रश्न निकालात निघत नाही, आणि कोंबड्यांचे खाद्य कासवाला चालते असा त्याचा अर्थ कोणी लावू नये.

पाण्याचीही तीच कथा. कासव उथळ पात्रात बसून पाणी पिते आणि बहुधा तेथेच मलमूत्र विसर्जन करते; कोंबड्या त्याच पात्रात पाय बुडवितात, माती उकरून टाकतात आणि कडेवर बसून घाण करतात. साल्मोनेला नावाचे जंतू कासवाच्या आणि कोंबडीच्या आतड्यांत कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकतात, आणि सामाईक पाणी हे त्यांच्या देवाणघेवाणीचे आयते साधन होय. त्या जंतूंचा उपद्रव मुख्यतः घरातील मनुष्यांना, त्यातही लहान मुलांना होतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यास १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने: मुले ती हाताळीत, तोंडात घालीत आणि आजारी पडत. परसातील प्राण्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि त्यांची पात्रे स्वयंपाकघराच्या मोरीत न विसळणे, एवढी खबरदारी तरी प्रत्येक घराने घ्यावी.

कोंबडी आणि कासव यांच्यातील अन्याय एकतर्फी आहे असेही नाही. पूर्ण वाढलेला सुलकाटा नर वाटेत आलेली वस्तू ढकलून पुढे जातो. खुराड्याची जाळी त्याला अडवू शकत नाही, आणि कोपऱ्यात सापडलेली कोंबडी त्याच्या वजनाखाली चिरडली जाऊ शकते. तो जमिनीत कित्येक मीटर लांबीची बिळे खणतो. असे बीळ खुराड्याखालून गेले म्हणजे वरची जमीन खचते आणि रात्री कायोटीसारख्या शिकारी जनावरांना वाट मोकळी होते. म्हणजे कासवाला हद्द आखून दिल्याने कोंबड्यांचेही हितच होते.

मांजर मोठ्या कासवाच्या वाटेस सहसा जात नाही, पिलांना मात्र त्याची नखे पुरेशी घातक असतात. थंड देशांत शीतनिद्रेत गेलेल्या कासवाचे पाय उंदीर कुरतडतात, आणि झोपलेल्या कासवाला त्याचा प्रतिकार करता येत नाही. जेथे कोंबड्यांचे दाणे सांडतात तेथे उंदीर येणारच. मोहावी वाळवंटात मनुष्यवस्तीच्या उकिरड्यांवर पोसून डोमकावळ्यांची संख्या वाढली आणि त्यांनी कासवांच्या पिलांचा संहार चालविला, हा तर तेथील वनाधिकाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. परसात पडून राहणारे उष्टे आणि उघडे खाद्य यांचा संबंध कासवाच्या आयुष्याशी अशा रीतीने येऊन पोहोचतो.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. कित्येक सद्गृहस्थ स्वानुभवाने सांगतात की आमच्याकडे दहा वर्षे कासव, कोंबड्या आणि कुत्रा एकत्र आहेत, आणि एकदाही काही झाले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नसते. पण दहा वर्षे हा काळ कोणाच्या मापाने मोजावयाचा? कोंबडी सहा-आठ वर्षे जगते, कुत्रा दहा-तेरा. वाळवंटी कासव पन्नास ते ऐंशी वर्षे जगते. एका कासवाच्या हयातीत त्या अंगणातून कुत्र्यांच्या चार-पाच पिढ्या आणि कोंबड्यांच्या त्याहूनही अधिक पिढ्या येऊन जातात, आणि त्यातला प्रत्येक नवा प्राणी आपला स्वभाव आपल्याबरोबर घेऊन येतो. दुर्घटनेचा संभव वर्षाला शंभरांत अवघा दोन आहे, असे वादासाठी धरून चला. एक वर्षाच्या हिशेबात हा संभव नगण्य वाटतो. पण पन्नास वर्षांचा हिशेब मांडला तर कासव सुखरूप राहण्याची शक्यता शंभरांत छत्तीसच उरते. अल्पायुषी प्राण्याला जो धोका परवडतो तो दीर्घायुषी प्राण्याला परवडत नाही, कारण त्याला तो धोका फार अधिक वेळा पत्करावा लागतो. दहा वर्षांचा निर्विघ्न अनुभव हा कासवाच्या आयुष्यातील एका लहानशा प्रकरणाचा दाखला आहे, आणि त्याच्या जोरावर पुढील साठ वर्षांची हमी देता येत नाही. ज्या मालकाचे वय आज चाळीस आहे त्याने तर, आपल्या पश्चात या कासवाचा सांभाळ कोण करील, याचीही तजवीज आजच केली पाहिजे.

दुसरा आक्षेप करुणेच्या भाषेत येतो: एकट्या प्राण्याला भिंतीआड कोंडणे हे निर्दयपणाचे नाही काय? कळपात राहणाऱ्या कोंबडीविषयी हा प्रश्न यथार्थ ठरला असता. एकटी कोंबडी खरोखरच झुरते. कासव मात्र जात्या एकांतप्रिय आहे. दोन नर एकत्र ठेवले तर गळ्याखालच्या शिंगासारख्या टोकाने एक दुसऱ्याला उलथवितो, आणि उन्हात उताणे पडलेले कासव काही वेळातच उष्णतेने मरू शकते. भिन्न जातींची कासवे एकत्र ठेवणे तर त्याहून अनिष्ट; एका जातीला फारसा त्रास न देणारा रोग दुसऱ्या जातीला प्राणघातक होतो. वाळवंटी कासवांना श्वसनमार्गाचा जो मायकोप्लाझ्माचा रोग जडतो, तो पाळीव कासवे रानात सोडून दिल्याने फैलावण्यास मदत झाली असे तज्ज्ञ मानतात, आणि अशा सोडण्यास जी मनाई आहे तिच्या मागे हे एक कारण आहे. कासवाला हवी असते ती ऊब, सावली, कोरडे बीळ, चरण्यास गवत आणि कोणाचाही त्रास नसलेला दिवस. मनुष्याने आपल्या एकाकीपणाच्या व्यथेचे आरोपण त्याच्यावर करून त्याला सोबती पुरवावेत, याची त्याला गरज नाही.

हद्द कशी असावी, याचा तपशील फार नाही, परंतु आहे तो काटेकोरपणे पाळावा लागतो. भिंत आरपार न दिसणारी असावी, कारण जाळीपलीकडचे दिसले की कासव तेथेच दिवसभर धडका देत राहते आणि आपले नाक सोलून घेते. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे उत्तम. वाळवंटी कासवाला हातभर उंची पुरते. सुलकाटासाठी भिंत अधिक उंच आणि त्याच्या वजनाला दाद न देणारी हवी. तिचा पाया जमिनीत वीतभर तरी खोल जावा, आणि कोपऱ्यांत चढण्यास आधार मिळेल अशी कोणतीही वस्तू ठेवू नये. कुत्रा असेल तर त्या भिंतीवर त्याला ओलांडता येणार नाही असे दुसरे कुंपण हवे आणि फाटक आपोआप लागणारे हवे. पिलांच्या जागेवर वरूनही जाळी असावी. कोंबड्यांचे खाद्य कासवाच्या हद्दीपासून दूर आणि उंचावर टांगावे, दोघांचे पाणी वेगळे ठेवावे, आणि कण्हेर हे विषारी झाड, अ‍ॅरिझोनाच्या बागांत ते कितीही लोकप्रिय असले तरी, कासवाच्या आवाक्यात ठेवू नये. ज्या प्रदेशात उन्हाळ्याचा पारा त्रेचाळीस अंशांवर जातो तेथे मातीने झाकलेल्या खोल बिळावाचून कासव जगत नाही. ते बीळ कासव येण्यापूर्वी तयार असले पाहिजे. नवे कासव आणल्यास त्याला जुन्या प्राण्यांपासून काही महिने अलग ठेवून पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. एवढे केल्यावर तीच कोंबडी आणि तेच कासव एकाच घरात वर्षानुवर्षे सुखाने राहतील, आणि त्या गृहस्थाला हवे असलेले समाधान भिंतीच्या अलीकडूनही मिळेल.

महाराष्ट्रातील वाचकासाठी मात्र हा प्रश्न भिंतीपाशी संपत नाही. आपल्याकडे परसातील कुक्कुटपालन जुने आहे, आणि अलीकडे धनलाभ व्हावा किंवा वास्तुदोष जावा म्हणून कासव घरी ठेवण्याची रूढी शहरांतून वाढली आहे. त्यासाठी चोरट्या मार्गाने जे तारांकित कासव, बाजारातील बोलीत स्टार कासव, विकले जाते, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली जवळजवळ संपूर्ण बंदी आली. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले असून ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहे. असे कासव बाळगणे हा तुरुंगवासाला पात्र गुन्हा आहे. त्याला कितीही उत्तम हद्द आखून दिली तरी तो गुन्हाच राहतो. आणि या बंदीची मला खंत वाटत नाही, कारण ज्या प्राण्याची एकेक जोडी रानातून ओरबाडून, पोत्यात कोंबून, मोजे आणि चिकटपट्ट्या यांत गुंडाळून शहरात आणली जाते, त्याच्यावर आपण प्रेम करतो असे म्हणण्याचा अधिकार ते विकत घेणाऱ्याला उरत नाही.

अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियातील मराठी वाचकाला माझी विनंती अशी, की कासवासाठी अर्ज करण्यापूर्वी भिंत बांधावी, आणि भिंत होत नसेल तर अर्ज करू नये. आणि ज्या मराठी घरात आजही एखादे तारांकित कासव कोंबड्यांमध्ये किंवा गच्चीवरच्या टबात दिवस काढीत असेल त्या घरच्या मंडळींनी ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. खात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. भीतीपोटी ते रातोरात विहिरीत, तळ्यात किंवा देवळाच्या कुंडात सोडून देऊ नये: तारांकित कासव जमिनीवरचा प्राणी आहे, त्याला पोहता येत नाही, आणि खोल पाण्यात ते बुडून मरते.